संदेश लिहिला नाही म्हणून गुण कापले

दुपारपासून डोकं ठणकतंय. आज एका कॉलेजात ‘श्रद्धा आणि समाजपरिवर्तन’ या विषयावर कलास्पर्धा होती. एका मुलीने रांगोळीत हळदीकुंकवाचं तबक काढलं होतं, वरून दिसतं तसं. दोन करंडे, आणि तबकाकडे जाता जाता अर्ध्यावर थबकलेला म्हातारीचा हात. मनगट मोकळं, पण बांगड्या होत्या तिथे दोन बोटं रुंद उजळ पट्टा. परीक्षकांचा शेरा: ‘संदेश स्पष्ट नाही.’

पहिलं बक्षीस पृथ्वीच्या गोलाला. भोवती ओम, क्रॉस, चांद, चार हात, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्व धर्म समान’.

अहो, तो पट्टा काढायला काय लागतं! रांगोळी वस्त्रगाळ करायची, मग लेक कलर, म्हणजे रंगाची बारीक पूड, मिसळायचा. कातडीसाठी पांढरीत तपकिरी, थोडा पिवळा, चिमूटभर लाल. आधी मधल्या छटेचा पातळ थर गाळणीने पसरायचा, मग कडेची सावली, उजेड सगळ्यात शेवटी. पट्ट्यासाठी त्याच मिश्रणात पांढरी वाढवायची, पण जपून. जास्त पडली की मनगटाला बँडेज बांधल्यासारखं दिसतं. चुकलं म्हणून वरून थर चढवत गेलात तर सगळे रंग मळतात. तेवढा भाग कोरड्या ब्रशने उचलून पुन्हा भरावा लागतो.

आणि जागा कसली दिली? गुळगुळीत टाइल, 4 बाय 4 फुटांची चौकट, 3 तास, वर गरगरणारे पंखे. टाइलवर पूड सरकते. आदल्या दिवशी गेरूचा पातळ हात मारून वाळू दिला असता तर रांगोळी धरून राहिली असती. आपल्या गोव्याच्या दमट हवेत रंगाचे गोळे होतात, म्हणून रंग मिसळण्याआधी रांगोळी उन्हात किंवा मंद तव्यावर कोरडी करून घ्यायची, एवढं तरी मुलांना आधी सांगायचं. दहा रुपयांचा गेरू लागला असता हो!

पथनाट्यांबद्दल लिहीत नाही. सगळी घोषणांतच संपली.

राग मुलांवर नाही. विषय स्पर्धेच्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिला की मोबाइलवर पहिलं सापडेल तेच मुलं काढणार. पंधरा दिवस आधी दिला असता तर ती शिवोलीच्या जागोराला, त्या रात्रीच्या लोकनाट्याच्या उत्सवाला, हिंदू-ख्रिस्ती एकत्र कसे उभे राहतात ते विचारून आली असती. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी कशा, हे आजीकडून ऐकून आली असती. सांखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घरदार सोडून का निघाले, हे वाचून आली असती. विषय आपल्या अंगणात पडलाय आणि मुलं गोल काढतायत.

त्या मुलीने मात्र घरात बघितलेलं काढलं. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी इथे टाळ्या वाजवल्या होत्या. तोच ठराव आज फरशीवर होता, एका मनगटात. कुंकवावरची श्रद्धाही त्यात आहे आणि ते नाकारल्याची कळही. अजून कसला स्पष्ट संदेश हवा?

मान्य, परीक्षकांकडे वेळ थोडा होता. मान्य, धर्माचं नाव काढलं की कॉलेजला वादाची भीती वाटते. मग प्रत्येक मुलाला रांगोळीशेजारी दोन मिनिटं बोलू द्या. निरीक्षणाला वेगळे गुण ठेवा. एक परीक्षक रांगोळीच्या हाताचा घ्या, दुसरा लोकजीवन जाणणारा. याला पैसे लागत नाहीत.

लिहिता लिहिता राग जरा निवळला. निकालानंतर ती मुलगी गुडघ्यांवर बसून पंख्याने उडालेली कड बोटाने सारखी करत होती. मैत्रिणी हाका मारत होत्या तरी उठली नाही.

बाय, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचली तर ऐक. हातावर उजेड डावीकडून आलाय आणि कुंकवाच्या करंड्याची सावलीही डावीकडेच पडली आहे. तेवढी उजवीकडे घे. करंगळी एक बोट लांब झाली आहे. पट्ट्याला हात लावू नकोस, तो बरोबर आहे. आणि खाली एक अक्षरही लिहू नकोस.