सोळाशे दोनची डिलिव्हरी

काल संध्याकाळी मी माझ्याच घरी डिलिव्हरी म्हणून गेलो. सर्व्हिस लिफ्टने. हातात दोन वाटे बोंबील होते.

डोकं अजून शांत झालेलं नाही, त्यामुळे सांगताना पुढचं मागे झालं तर चालवून घ्या. गेल्या शनिवारी नवा फोन घेतला. हौस म्हणून नव्हे. जुना ठणठणीत होता, पण बँकेच्या ॲपने एका सकाळी कळवलं की आपल्या उपकरणावर ही सेवा यापुढे चालणार नाही. पैसे माझे, फोन माझा, आणि चालायचं की नाही ते ठरवणार ॲप. असो. नवा फोन आला आणि ऑफिसपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळे एकच विचारायला लागले, "मग, ॲप्स कुठली टाकलीस?" पूर्वी नवी जागा घेतली की "पाणी किती वाजता येतं?" असं विचारायचे, तसंच. उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. स्वतःचं सांगायचं असतं.

चार दिवसांत मी एकतीस ॲप्स उतरवली. भाच्याने सुचवलेली नऊ, ऑफिसमधली सात, बाकीची माझ्या अकलेची. एक दर तासाला पाणी प्यायची आठवण करून देतं. भर मीटिंगमध्ये त्याने झऱ्याचा आवाज काढला आणि समोरचे दोघे उठून बाहेर जाऊन आले.

पंचांगासाठी शोध घेतला तर चाळीसएक निघाली. सगळ्यांवर गणपती, सगळी फुकट. एक उघडलं, तर चतुर्थीचा चंद्रोदय दिसण्याआधी तीस सेकंद गुडघेदुखीचं तेल. खाली कोणीतरी अभिप्राय दिला होता, 'खूप छान ॲप. उघडत नाही.' आणि पाच तारे. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. १९७३पासून निघतंय, पण त्याने आजवर एकदाही माझं लोकेशन मागितलेलं नाही.

टॉर्चच्या ॲपने मागितलं. टॉर्चला मी कुठे उभा आहे ते कशाला हवं? अंधारात आहे, एवढं पुरे नाही का? कॉन्टॅक्ट्सही हवे होते. २०१३ साली अमेरिकेत अशाच एका टॉर्चवाल्याला तिथल्या संघीय व्यापार आयोगाने धरलं होतं. लोक पलंगाखाली चप्पल शोधत होते आणि हा त्यांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पोचवत होता. एवढं वाचून मी ते ॲप काढून टाकलं, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, टॉर्च फोनमध्येच असतो. वरून बोट खाली ओढ." २०१४पासून असतो म्हणे, अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून. म्हणजे इतकी वर्षं माझ्या जुन्या फोनमध्येही होताच. मी मात्र लाइट गेले की मेणबत्ती शोधायचो, तीही स्क्रीनच्या उजेडात.

यापेक्षा २००८ सालचं ते 'आय ॲम रिच' नावाचं ॲप मला प्रामाणिक वाटतं. ॲपलचं ॲप्सचं दुकान उघडून महिनाच झाला होता. किंमत ९९९.९९ डॉलर, आणि उघडलं की पडद्यावर फक्त एक लालभडक रत्न चमकणार. यात दुसरं काहीही दडलेलं नाही, असं विकणाऱ्याने आधीच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ॲपलने ते काढून टाकलं, पण तोवर आठ जणांनी घेतलं होतं. काही करत नाही असं सांगून काही न करणारं दुसरं ॲप मला आजवर भेटलेलं नाही.

एक ॲप मात्र मनापासून आवडलं होतं. गवंड्याकडे काचेच्या नळीत बुडबुडा असतो ना, तो फोनच्या पडद्यावर. फोन ओट्यावर ठेवला तर बुडबुडा सरळ एका कडेला पळाला. जमिनीवर ठेवला, तिथेही पळाला. म्हटलं, सापडला बिल्डर! बावीस मजली टॉवर आणि एक फरशी सरळ नाही. त्याच्या सुपरवायझरला बोलावलं, दहा मिनिटं सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन उचलला, उलटा केला आणि मागच्या कॅमेऱ्याच्या फुगीर चौकोनावर बोट ठेवलं. फोनच एका बाजूने उचललेला होता. सुपरवायझर काही बोलला नाही. त्याने चहासुद्धा घेतला नाही.

एकतीसपैकी खरं उपयोगी एकच, एम-इंडिकेटर. ते २०१०पासून मुंबईकरांच्या खिशात आहे आणि लोकलचं वेळापत्रक बघायला त्याला नेटही लागत नाही. काल त्यातच बघून मी गाडी पकडली, मुलुंडला उतरलो आणि बुधवार म्हणून बोंबील घेतले. कोळीण म्हणाली, "ताजे हायत, लगेच घरी ने." बोंबलाचं असं आहे की त्यात मासा कमी आणि पाणी जास्त. घरी नेऊन साफ करून पाट्याखाली दाबून ठेवले की कुठे तळायच्या लायकीचे होतात. तोवर पिशवी ठिबकते. म्हणून झपाझप चालत गेटवर आलो.

आता गेटबद्दल. आमची जुनी बिल्डिंग तीन मजल्यांची होती. फाटक गंजून अर्ध्यावर अडकलेलं. ते बंदही व्हायचं नाही आणि पूर्ण उघडायचंही नाही. जुना वॉचमन माणसाला चालीवरून ओळखायचा. रिडेव्हलपमेंट झाली आणि आम्ही सुरक्षित झालो. केबिनमध्ये टॅब आला. येणाऱ्याचा फोटो काढायचा, फ्लॅटमालकाच्या ॲपवर पाठवायचा, त्याने होकार दिला की दांडा वर.

मी रोज ॲप दाखवून शिरतो; परवापर्यंत त्यासाठी जुना फोन सोबत ठेवायचो. काल खिशातून नवा फोन काढला आणि आठवलं, एकतीस ॲप्स उतरवली त्यात हे नव्हतं.

केबिनमध्ये मामा होते. साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या, चष्मा दोरीला बांधलेला. सकाळीच त्यांनी माझ्या स्कूटरला धक्का मारला होता.

"मामा, फोन नवा आहे. दांडा जरा वर करा."

"करतो की. ॲप दावा."

"ॲपच नाही ना अजून."

"मग टाका. हितंच टाका, मी थांबतो." जणू थांबणारे ते होते.

टाकलं. नंबर घातला, ओटीपी आला, तोही घातला. मग निळ्या चौकटीत मजकूर आला: 'नवीन उपकरण आढळले. कृपया जुन्या उपकरणावरून मंजुरी द्या.' जुनं उपकरण वर सोळाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड आणि जुन्या चाव्यांच्या सोबत, बॅटरी संपून मेलेलं. खाली दुसरा पर्याय होता: 'किंवा सेक्रेटरींकडून मंजुरी घ्या.' सेक्रेटरी सहकुटुंब काश्मीरला. बायको डोंबिवलीला, माहेरी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला नको तुमचं ते ॲप," त्यामुळे सगळं घर माझ्या एकट्याच्या नावावर नोंदलेलं.

"मामा, तुम्ही मला ओळखता ना?"

"न वळखून कसं चालंल? सोळाशे दोन."

"मग?"

"मी वळखतो साहेब. सिष्टीम वळखत न्हाय."

"तिला तुम्ही सांगा."

"म्या तिला काय सांगणार? तीच मला सांगती." त्यांनी टॅबकडे असं पाहिलं की क्षणभर मला त्यांची दया आली. मागच्या महिन्यात एकाला नोंद न करता सोडलं म्हणून पगारातून शंभर रुपये कापले होते. वर कॅमेरा. त्यांनी मान न हलवता डोळ्यांनीच मला तो दाखवला.

मग म्हणाले, "असं करू, पावना म्हणून घालतो. सरळ हुबं ऱ्हावा." फोटो काढला. पिशवी खाली घ्या म्हणाले, ती चेहऱ्यापुढे येत होती. फोटो गेला सोळाशे दोनला, म्हणजे ड्रॉवरमध्ये. आम्ही दोघं टॅबवरचं फिरणारं चाक बघत उभे राहिलो. पायाशी एक मांजर येऊन बसलं. पिशवीखाली छोटं थारोळं झालं होतं.

"उचलत न्हाईत," मामा म्हणाले.

"कोण?"

"तुमी."

"अहो, मी इथे आहे!"

"तेच म्हणतोय. घरी कुनी न्हाय, आन पावना दारात. अशा टायमाला पावन्याला सोडत न्हाईत." नियम बरोबर होता. तसं बघायला गेलं तर अगदी बरोबर होता, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

मामांनी डोकं खाजवलं. "पिशवीत काय हाय?"

"बोंबील."

"मग झालं की! डिलिव्हरी. फूड." त्यांचा चेहरा उजळला. "आठशे चारच्या काकूंना लावतो, त्या कुनालाबी होय म्हनत्यात."

काकूंना ॲपमधून फोन लागला. स्पीकरवर आवाज आला, "मी काही मागवलेलं नाहीये."

"डिलिव्हरी न्हाय काकू, सोळाशे दोनचे साहेब हायत."

"मग त्यांना काय पाहिजे?"

"आत यायचंय."

"माझ्याकडे?"

मी पुढे वाकून म्हटलं, "नाही काकू, माझ्याकडे. फक्त होकार द्या."

"हातात काय आहे म्हणालात?"

"बोंबील."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. "ताजे आहेत का?"

"आत्ता घेतले."

"वाटा कसा पडला?"

मी भाव सांगितला. काकू म्हणाल्या, "तुम्हाला महाग लावला. सहा देताय का? मी करते होय."

सहा! चारावर तुटलं. मामांनी दांडा वर केला, मग परत बोलावलं. "साहेब, त्या लिफ्टला न्हाय. डिलिव्हरी सर्व्हिस लिफ्टला."

"मामा, आता पुरे."

"सिष्टीमला डिलिव्हरी हाय न्हवं. आन लॉबीत क्यामेरा हाय."

हा ठराव गेल्या वार्षिक सभेत आला, तेव्हा मीही हात वर केला होता. चर्चा दीड मिनिटं झाली असेल. बटाटेवडे गार होत होते.

सर्व्हिस लिफ्टपाशी एक पोरगा उभा होता. पाठीला चौकोनी बॅग, कपाळावर हेल्मेटचा वण. आमच्याआधी कचऱ्याचे दोन पिंप वर गेले होते. पाच मिनिटं झाली, सहा झाली. पलीकडे सदस्यांच्या लिफ्टचं दार आरशासारखं चकचकीत. ती रिकामीच आली आणि रिकामीच उभी राहिली.

"काका, पहिल्यांदाच आलात का इथे?" त्याने विचारलं.

"सोळा वर्षं राहतोय."

तो नुसता हसला. खोटं बोलणारी माणसं त्याला रोजच भेटत असणार. मग म्हणाला, "ह्या बिल्डिंगला येताना टाइम जास्त धरून चाला. आइस्क्रीम असलं तर घेऊच नका. वितळलं की आपल्यावर येतं." मी पिशवीकडे पाहिलं. लिफ्ट आली, प्रत्येक मजल्यावर थांबत गेली. आठव्यावर उतरून मी काकूंना चार बोंबील दिले. काकूंनी ते बोटाने दाबून पाहिले आणि "मोठे द्यायचे होते" म्हणाल्या. उरलेले आठ मजले जिन्याने चढलो, कारण लिफ्ट पोराला घेऊन वर गेली होती.

घरात शिरल्या शिरल्या आधी बोंबील पाट्याखाली ठेवले, मग जुना फोन चार्जिंगला लावला. वीस मिनिटांनी त्याने डोळे उघडले, वायफाय पकडलं आणि लगेच टुणकन वाजला. 'आपल्या दारात पाहुणे आले आहेत.' खाली फोटो. घामट चेहरा, विस्कटलेले केस, तोंड अर्धवट उघडं, गुडघ्याशी ठिबकणारी काळी पिशवी, आणि कोपऱ्यात मांजराचं शेपूट. फोटोखाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाकारा'.

फोटो मी बराच वेळ पाहिला. असा माणूस मी तरी घरात घेतला नसता. 'नाकारा' दाबलं.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला बेल वाजली. दारात मामा, धापा टाकत, हातात टॅब.

"साहेब, तुमी नाकारलं न्हवं? मग खाली चला."