स्पेल पॉइंट म्हणजे लाड नव्हेत

आज दुपारी आमच्या नव्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीची, पहिली बैठक झाली. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे घेऊन टेबलाभोवती रंगवायचा खेळ खेळणाऱ्यांना हा दिवस किती आवडता असतो, हे वेगळे सांगायला नको. मी क्लेरिकच, म्हणजे देवाच्या जोरावर जादू करणारे पात्रच, घेणार हे सर्वांना ठाऊक होते. स्पेल पॉइंटचा नियम, म्हणजे प्रत्येक स्पेलची (मंत्राची) किंमत एकाच साठ्यातल्या गुणांतून मोजण्याचा नियम, चालू ठेवायचा ना, असे मी विचारले, तेव्हा आमचा नवा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर, वहीतून मान वर न करता म्हणाला, "नाही, स्लॉटच. पॉइंट म्हणजे खेळाडूंचे लाड." स्लॉट म्हणजे प्रत्येक लेव्हलच्या स्पेलसाठी वेगळी ठरवून दिलेली संख्या. दोघे-तिघे हसले आणि विषय तिथेच संपला. माझा मात्र संपलेला नाही. घरी येऊन चार तास झाले तरी तो एक शब्द डोक्यातून जात नाही.

मागच्या कॅम्पेनमध्ये जे होते त्यांना माझी चिंचोक्यांची वाटी आठवत असेल. पात्राची लेव्हल आणि स्पेलची लेव्हल या दोन वेगळ्या पायऱ्या. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला २७ पॉइंट मिळतात, आणि कागदावर सारखी खाडाखोड नको म्हणून मी २७ चिंचोके मोजून समोर ठेवत असे. पहिल्या लेव्हलचा स्पेल टाकला की २ चिंचोके डीएमपुढे सरकवायचे, दुसऱ्या लेव्हलचा असेल तर ३, तिसऱ्या लेव्हलचा असेल तर ५. आता स्लॉटचा हिशेब पाहा. त्याच क्लेरिकला पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे २ स्लॉट असतात. पॉइंटांच्या भावाने त्यांची किंमत ८, ९ आणि १०, म्हणजे बेरीज पुन्हा २७ च. एक चिंचोकासुद्धा जास्त मिळत नाही. मग लाड नेमके कशात आहेत, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

त्याच कॅम्पेनमधल्या एका तळघरातली दुपार मी आजवर अनेकांना सांगितली आहे, आज पुन्हा सांगते. तिसऱ्या लेव्हलचा स्पिरिट गार्डियन्स हा स्पेल दोनदा टाकून १० चिंचोके गेले होते. दुसऱ्या लेव्हलच्या स्पिरिच्युअल वेपनचे ३ आणि एकाचे विष उतरवायला लेसर रिस्टोरेशनचे ३ गेले. जखमा भरणारा क्युअर वुंड्स एकदा दुसऱ्या लेव्हलवर आणि एकदा पहिल्या लेव्हलवर टाकला, त्याचे मिळून ५. वाटीत ६ चिंचोके उरले होते. तेवढ्यात आम्हाला एक कुलूपबंद पेटी दिसली आणि मी तिच्यासाठी डिटेक्ट मॅजिक, म्हणजे जादू ओळखणारा स्पेल, टाकला. तो रिच्युअल स्पेल आहे, म्हणजे सावकाश विधी करूनही टाकता येतो. दहा मिनिटे जास्त दिली असती तर तो फुकट झाला असता. मला तेवढा धीर नव्हता. मी २ चिंचोके सरकवले. पेटीत जुनी भांडी आणि कापडे होती.

त्यानंतर आमचा हाफलिंग, म्हणजे एका मित्राचे बुटक्या वंशाचे पात्र, टेहळणीसाठी एकटा पुढे गेला आणि दाराच्या पलीकडे पडला. आम्ही दार फोडून पोहोचेपर्यंत त्याचे तीन डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवण्यासाठी टाकायचे फासे, फसलेले होते आणि तो मेला होता. मरून मिनिट उलटायच्या आत असाल तर रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवणारा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल टाकता येतो, आणि आम्ही वेळेत होतो. त्याला लागणारा ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा माझ्या थैलीत होता. स्पेलची किंमत ५ होती आणि माझ्या वाटीत ४ चिंचोके होते.

स्लॉटच्या पद्धतीत त्या क्षणी काय झाले असते? तिसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट आधीच संपलेले असते, त्यामुळे मी हात झटकून मोकळी झाले असते. पेटीवर उडवलेल्या स्लॉटचा आणि त्या मरणाचा एकमेकांशी काही संबंधच उरला नसता, कारण पहिल्या लेव्हलचे कितीही स्लॉट वाचवले तरी त्यांचा तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट होत नाही. स्लॉटमध्ये नियमांचा तक्ताच "नाही" म्हणतो. पॉइंटमध्ये तुमचाच सकाळचा हात संध्याकाळी तुमच्या आड येतो. ज्या नियमाने मला एका पेटीपायी मित्राचे पात्र वाचवू दिले नाही, त्याला लाड म्हणायचे?

"मूळ खेळात स्लॉटच आहेत," हे वाक्यही मला आज ऐकवण्यात आले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला आणि स्पेल टाकला की तो डोक्यातून पुसला जातो ही कल्पना त्यात लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांमधून आली, हे मला माहीत आहे. पण लगेच पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, टनेल्स अँड ट्रोल्स हा दुसरा खेळ आला आणि त्यात जादूगार स्वतःच्या ताकदीचे गुण खर्चून जादू करू लागला. म्हणजे किंमत मोजून जादू करण्याची कल्पना जवळपास या छंदाएवढीच जुनी आहे. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये स्पेल पॉइंट हा पर्यायी नियम म्हणून रीतसर छापलेला आहे. इतकेच काय, त्याच वर्षीच्या मुख्य नियमांमध्ये सॉर्सरर, म्हणजे अंगभूत जादू असलेले पात्र, आपले सॉर्सरी पॉइंट मोडून स्लॉट तयार करतो, तेव्हा भाव हेच असतात: २, ३, ५, ६, ७. सॉर्सररने केले की ती त्याची खासियत, आणि क्लेरिकने मागितले की लाड!

विझार्डच्या, म्हणजे शिकून जादू करणाऱ्या पात्राच्या, हाती हे पॉइंट दिले की पाचव्या लेव्हलला तो दोनाऐवजी पाच फायरबॉल (तिसऱ्या लेव्हलचा आगीच्या स्फोटाचा स्पेल) टाकून मोकळा होतो, हे खरे आहे, आणि त्याने एखादी लढाई बेचव होते हेही खरे आहे. पण त्यानंतर त्याच्याकडे २ पॉइंट उरतात आणि विश्रांती न देता, म्हणजे पॉइंट परत भरू न देता, पुढची लढाई आणणे डीएमच्याच हातात असते. शिवाय सहाव्या आणि त्यावरच्या प्रत्येक लेव्हलच्या स्पेलचा स्लॉट पॉइंट खर्चून दोन मोठ्या विश्रांतींच्या मध्ये एकदाच तयार करता येतो, अशी अट नियमातच घातलेली आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. खरे तर मला त्या हाफलिंगच्या खेळाडूची आठवण येते आहे. दीड वर्ष त्याने ते पात्र सांभाळले होते. त्या दिवशी जुन्या डीएमने माझ्या वाटीकडे पाहिले आणि हळूच विचारले, "एक उधार देऊ का?" मी हो म्हणणारच होते. त्याआधी हाफलिंगचा खेळाडूच म्हणाला, "नको. तिने मोजून खर्च केले आहेत." पात्राच्या नोंदींच्या कागदाची, कॅरेक्टर शीटची, व्यवस्थित चौपदरी घडी घालून त्याने ती वहीत ठेवली आणि सेशन संपेपर्यंत आमच्यासाठी चहा करत राहिला. त्यानंतर मी एकही डिटेक्ट मॅजिक घाईने टाकलेला नाही.

आजच्या आमच्या डीएमला हे ठाऊक नाही, तो तेव्हा आमच्यात नव्हता. टेबल त्याचे आहे, शब्दही त्याचाच शेवटचा, म्हणून येत्या रविवारी मी स्लॉटवालीच क्लेरिक घेऊन येणार आहे. माझी त्याला एवढीच विनंती आहे की आम्ही पाचव्या लेव्हलला पोहोचलो की एक तळघर, फक्त एकच, मला पॉइंटवर खेळू द्यावे. चिंचोके मी घेऊन येईन, मोजून त्यानेच द्यावेत.