‘पाना कधी हातात धरलाय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडीच्या दारांखाली स्कर्ट, म्हणजे प्लास्टिकची लांब पट्टी, टेपने कशी बसवायची यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: ‘स्कर्ट असो की स्प्लिटर (पुढच्या बम्परखालचं पातं), नुसत्या डबल टेपवर बसवायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, स्क्रू हवेतच. जॅक लावायची जागा झाकली जाते, त्यावर चकार शब्द नाही. लिहिणाऱ्याने पाना कधी हातात धरलाय का?’

मतभेदाला माझी ना नाही. पण त्या शेवटच्या वाक्याची गरज होती का? साधं विचारलं असतंत तर साधं उत्तर मिळालं असतं. आता विचारलंच आहे तर ऐका. मामांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये शाळेच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. बम्परला पॉलिश पेपर मारून बोटांची सालं निघालेली आहेत. पुढे स्वतःच्या गाडीला एका नावाजलेल्या ठिकाणी स्कर्ट बसवून घेतले, तेही तुमच्या पद्धतीने, धडाधड सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून. पावसाळा सरला आणि दाराखालच्या पत्र्यावर, स्क्रूच्या डोक्याभोवती मोहरीएवढे फोड आले. नखाने खरवडलं तर रंगाखाली तांबूस भुगा. भोक पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडेला कुणी गंजरोधक प्रायमर लावलाच नव्हता. टेप मी तेव्हापासून वापरतो, पुस्तक वाचून नव्हे.

बरं, ‘नुसती टेप’ हे शब्द माझे नाहीतच. स्कर्टच्या दोन्ही टोकांना, चाकाच्या कमानीत, कंपनीच्या मूळ भोकांतून एकेक स्टेनलेसचा स्क्रू घ्या, असं लेखात स्वच्छ लिहिलंय. ते वाक्य नजरेतून निसटलं आणि ‘बेजबाबदार’ मात्र बरोबर टाइप झालं, याचं नवल वाटतं.

आणि टेप म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातली नव्हे. थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबीसारखी अ‍ॅक्रिलिक फोमची टेप साधारण २१ अंशांना २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड घेते. मात्र आधी वॅक्स-कोटिंग उतरवून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन जागा पुसायची, टेपचा प्रायमर (पकड वाढवणारा द्रव) लावायचा आणि पूर्ण लांबीवर दाबत जायचं. लोक काय करतात? सकाळी चिकटवतात, दुपारी प्रेशर वॉशर मारतात आणि संध्याकाळी टेपला शिव्या घालतात.

उलट स्क्रूचं गणित तुम्ही केलंय का? एबीएस प्लास्टिकचा दीड मीटर लांब स्कर्ट तापमानात ४० अंशांचा फरक पडला की साडेचार-पाच मिलिमीटर वाढतो. पत्रा त्याच्या जेमतेम सातव्या भागाइतका वाढतो. जागोजागी स्क्रू आवळून जखडलेला स्कर्ट मग उन्हात पोट काढतो, नाहीतर भोकापासून तडकतो. म्हणून भोक लांबट ठेवायचं, रुंद वॉशर घालायचा आणि स्क्रू हलक्या हाताने बसवायचा. फोमची टेप ही हालचाल बरीचशी पोटात घेते. ‘हवेतच’ म्हणून ठणकावण्याआधी एवढं तरी बघायचं.

स्प्लिटरपुरतं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, त्यामुळे तिथे खालून बोल्ट आणि मोठे वॉशर हवेत, लांब पुढे आलेला असेल तर आधाराच्या दांड्याही. पण तो लेख स्कर्टचा होता. स्प्लिटर तुम्ही मध्येच आणलात.

जॅकचं म्हणाल तर ती जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेली असते. स्कर्ट बसवणाऱ्याला तेही मी सांगायचं?

लेखाखाली अजून काही लिहायचं असेल तर जरूर लिहा. तुमच्या गाडीच्या स्क्रूचे जवळून काढलेले फोटोही टाका, डोक्याभोवतालचा रंग दिसेल असे. पान्याची चौकशी मात्र पुरे.