नुसती ताकद म्हणता? मग २०२२ चं वर्ष बघा

‘जुना वाचक’ या नावाने आलेल्या प्रतिक्रियेला खाली चार ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून ही वेगळी नोंद. बेलारूसची टेनिसपटू अरिना सबालेंका हिच्यावर मी जो लेख लिहिला, त्यावर त्यांचे आक्षेप थोडक्यात असे: ही पोरगी म्हणजे नुसती ताकद, डोकं शून्य. चेंडू फोडण्यापलीकडे तिला काही येत नाही. मोठ्या सामन्यात कच खाते. २०२५ मधल्या मेलबर्न आणि पॅरिसच्या (म्हणजे ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपनच्या) हरलेल्या अंतिम फेऱ्या आठवा. तिच्या देशाने युक्रेनच्या युद्धात रशियाला साथ दिली, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि जाता जाता एक टोला: ‘मिन्स्कच्या मुलीचं मराठी वाचकाला काय देणंघेणं?’

टोल्याचं आधी बघू, तो लगेच निकालात निघतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत, चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, मुंबई ओपन झाली. महिला टेनिस चालवणाऱ्या डब्ल्यूटीएची १२५ दर्जाची, म्हणजे मुख्य टूरच्या एक पायरी खालची स्पर्धा. ती जिंकली एकोणीस वर्षांच्या अरिना सबालेंकाने. अंतिम फेरीत तिने स्लोव्हेनियाच्या दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं हरवलं. त्याच्या पंधरवडाभर आधी ती मिन्स्कमध्ये अमेरिकेविरुद्ध फेड चषकाची (महिलांच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) अंतिम लढत खेळत होती आणि तिथे तिने त्या वर्षीच्या अमेरिकन ओपन विजेत्या स्लोन स्टीफन्सला पाडलं होतं. (लढत मात्र बेलारूस ३-२ ने हरलं.) शिवाय २००२ ची अमेरिकन ओपन पुरुष दुहेरी आपल्या महेश भूपतीने जिंकली ती मिन्स्कच्याच मॅक्स मिर्नीला जोडीला घेऊन. देणंघेणं एवढं पुरे आहे.

आता ताकदीचं. ताकद आहे, नाही कोण म्हणतंय? वडील सर्गेई आइस हॉकी खेळलेले, पोरगी सहा फुटी. पण जोरात मारणाऱ्या मुली टेनिसमध्ये प्रत्येक पिढीत दहा-बारा असतातच. त्यांतल्या बहुतेक पन्नासाव्या-साठाव्या क्रमांकाच्या आसपास फिरत राहतात आणि एक दिवस दिसेनाशा होतात. सबालेंकाची सुरुवातही काही गाजावाजा करणारी नव्हती. ज्युनियर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत ती कधी खेळलीच नाही. मिन्स्कच्या राष्ट्रीय अकादमीत सराव करायची, आणि तिथल्या टेनिस संघटनेने सल्ला दिला की ज्युनियरच्या मागे लागू नकोस, मोठ्यांच्या छोट्या स्पर्धांत धक्के खा. तिने ते खाल्ले.

आणि चेंडू फोडण्यापलीकडे काही येत नाही, हे तुम्ही तिची दुहेरी न बघता लिहिलंय, एवढं मी खात्रीने सांगते. बेल्जियमच्या एलिस मर्टेन्सबरोबर तिने २०१९ ची अमेरिकन ओपन आणि २०२१ ची ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी जिंकली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. नेटजवळ हात नसलेल्या माणसाला दुहेरीत तो क्रमांक कुणी देत नाही. अलीकडे ती मधेच नेटपलीकडे अलगद ड्रॉप शॉट टाकते, पुढे येऊन टप्पा पडू न देता व्हॉलीवर पॉइंट संपवते. ते आकाशातून पडलेलं नाही.

पण माझ्या लेखाचा जीव ज्या गोष्टीत होता, तिला तुमच्या प्रतिक्रियेत जागाच नाही. म्हणून ती परत सांगते, जरा सविस्तर.

जानेवारी २०२२. सबालेंका एकेरीत जगात दुसरी. ऑस्ट्रेलियन ओपनच्या तयारीसाठी ती ॲडलेडला लागोपाठ दोन स्पर्धा खेळली आणि दोन्हींत पहिल्याच सामन्यात हरली. काया युवानविरुद्ध १८ डबल फॉल्ट (पहिली आणि दुसरी, दोन्ही सर्व्हिस चुकल्या की पॉइंट आपोआप समोरच्याला), पुढच्या आठवड्यात रेबेका पीटरसनविरुद्ध २१. एकवीस डबल फॉल्ट म्हणजे पाच गेमभर पॉइंट समोरच्या बाईने रॅकेट न हलवता मिळवले. जगातली दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू डोळे पुसत खालून सर्व्हिस करत होती, शाळेतली मुलं बॅडमिंटनला करतात तशी. तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना ‘नुसती ताकद’ हे शब्द सुचणार नाहीत. ताकद तर तिच्या हातात त्या दिवशीही होतीच.

हे होतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. दुसऱ्या सर्व्हिसला हात सैल सोडून वेगात फिरवावा लागतो. तेव्हाच चेंडूला फिरकी मिळते, आणि फिरकी असली की चेंडू नेटच्या बराच वरून जाऊनही चौकटीत खाली वळतो. भीती वाटली की खेळाडू नेमका तोच हात आवरून घेतो. हात आवरला की फिरकी गेली, आणि मग चेंडू एक तर नेटमध्ये नाही तर रेषेबाहेर. पुढच्या वेळी भीती दुप्पट. अशा चक्रात अडकून सर्व्हिस कायमची गमावलेले खेळाडू टेनिसने पाहिलेत. त्या अख्ख्या मोसमात तिचे डबल फॉल्ट चारशेच्या पुढे गेले.

सगळे म्हणत होते, डोक्याचा प्रश्न आहे. तीही तसंच समजत होती, मानसशास्त्रज्ञाची मदत घेत होती. तिचा प्रशिक्षक अँतोन दुब्रोव्हने त्या फेब्रुवारीत तिला सांगून टाकलं होतं की माझ्याकडचे उपाय संपले, तू दुसरं कुणीतरी बघ. ती म्हणाली, तू कुठेही जायचं नाहीस. मग त्या उन्हाळ्यात गॅव्हिन मॅकमिलन हा शरीराच्या हालचालींचा जाणकार गाठला. त्याचं निदान वेगळं होतं: भीती हा परिणाम आहे, मूळ दुखणं हालचालीत आहे. सर्व्हिसची कृती सुटी करून पुन्हा जुळवायला घेतली, तीही मोसम चालू असताना. आधीच्या ग्रँड स्लॅमांत दोनदा उपांत्य फेरी गाठलेल्या, कोट्यवधींची बक्षिसं मिळवलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीने पहिलीतल्यासारखं अक्षर गिरवायला बसावं, याला मी डोकं म्हणते. तुम्ही काय म्हणता?

आणि मग मेलबर्न, २८ जानेवारी २०२३. एलेना रायबाकिनाविरुद्ध पहिला सेट ४-६ गेलेला, दुसरा ६-३ घेतलेला, तिसऱ्यात ५-४ अशी आघाडी आणि सर्व्हिस तिची. पहिला मॅच पॉइंट, म्हणजे हा एक पॉइंट जिंकला की सामना खिशात. तिने काय केलं? डबल फॉल्ट! मला त्या क्षणी वाटलं, झालं, संपलं, वर्षभराची मेहनत पाण्यात. पण तिने हात आवरला नाही. चौथ्या मॅच पॉइंटला रायबाकिनाचा फोरहँड बाहेर गेला आणि सबालेंका कोर्टवर आडवी झाली. प्रशिक्षकांच्या जागेवर दुब्रोव्ह टॉवेलमध्ये तोंड लपवून रडत होता. वडील २०१९ मध्ये अचानक गेले, अवघ्या ४३ व्या वर्षी. पंचविशीच्या आत पोरीने ग्रँड स्लॅम जिंकावं हे बापलेकीचं ठरलेलं होतं. पंचविशीला तेव्हा तीन-एक महिने बाकी होते.

कच खाण्याबद्दल. २०२५ च्या अखेरीपर्यंत ती ग्रँड स्लॅमच्या सात एकेरी अंतिम फेऱ्या खेळली, चार जिंकली. मेलबर्नला मॅडिसन कीजविरुद्ध तिसरा सेट ७-५ गेला, आणि कीज त्या पंधरवड्यात कुणालाच ऐकत नव्हती. इगा श्वीऑनटेकविरुद्ध मॅच पॉइंट वाचवून ती तिथवर आली होती. त्याला कच खाणं म्हणायचं असेल तर समोरच्याने चांगलं खेळायचंच नाही असा नियम करावा लागेल. पॅरिस मात्र तुमचं. कोको गॉफविरुद्ध वाऱ्यात ७० अनफोर्स्ड एरर्स, म्हणजे समोरचीने भाग न पाडता स्वतःहून केलेल्या चुका. त्यापेक्षाही नंतर पत्रकारांपुढे ती जे बोलली, की गॉफच्या खेळामुळे नाही तर माझ्या चुकांमुळे हा निकाल लागला, ते मला अजिबात आवडलं नाही. पुढे तिने गॉफची माफी मागितली, पण तोंडून निघालं ते निघालंच.

त्याच वर्षीची न्यूयॉर्कची अंतिम फेरी मात्र तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. अमांडा ॲनिसिमोवाविरुद्ध पहिला सेट ६-३, दुसऱ्यात ५-४ वर सामना संपवायला सर्व्हिस. विजयापासून दोन पॉइंटवर डोक्यावर सोपा स्मॅश आला, तो तिने नेटमध्ये घातला. गेम गेला. दोन अंतिम फेऱ्या हरलेल्या बाईने तिथे कोसळायला हवं होतं. सेट ६-६ वर अडला की निकालासाठी खेळतात तो टायब्रेक तिने ७-३ असा घेतला. तोवर ओळीने १९ टायब्रेक जिंकलेली खेळाडू कच खाणारी म्हणायची तर शब्दकोश बदलू या.

युद्धाचा प्रश्न. लेख तिच्या खेळाचा होता म्हणून तो विषय मी बाहेर ठेवला, पण तुम्ही काढलाच आहे तर माझं मत सांगते. २०२२ मध्ये विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी केली. टूरवर तेव्हापासून त्यांच्या नावापुढे ध्वज नाही, आणि बिली जीन किंग चषकात (पूर्वीचा फेड चषक) बेलारूसचा संघ नाही. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये पहिल्याच फेरीत युक्रेनच्या मार्टा कोस्त्युकने हस्तांदोलन केलं नाही. तिच्या देशावर बॉम्ब पडत होते. ती का करेल? प्रेक्षकांनी कोस्त्युकला हुर्यो केली, ती मला लाजिरवाणी वाटली, आणि सबालेंकानेही तसंच सांगितलं. पुढे बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेंको यांच्याबद्दल थेट प्रश्न आल्यावर दोन सामन्यांनंतर ती नेहमीच्या पत्रकार परिषदेला गेलीच नाही. उपांत्यपूर्व फेरीनंतर आली आणि म्हणाली, मी युद्धाच्या बाजूची नाही, आणि म्हणून सध्या लुकाशेंकोच्याही नाही.

हे उत्तर उशिरा आलं आणि अर्धवट होतं, असं माझं मत. त्याच सामन्याच्या शेवटी, युक्रेनचीच एलिना स्विटोलिना हात मिळवणार नाही हे जगजाहीर असताना, ती नेटपाशी जाऊन उभी राहिली, तेही मला खटकलं. पण बेलारूसच्या खेळाडूला तोंड उघडण्याची किंमत काय पडते तेही बघा. २०२० च्या निवडणुकीनंतर निदर्शनांत उतरलेली बास्केटबॉलपटू येलेना लेवचांका मिन्स्कच्या विमानतळावरून उचलली गेली आणि १५ दिवस कोठडीत राहिली. धावपटू क्रिस्त्सिना त्सिमानोउस्कायाने टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांवर टीका केली, तर तिला परत पाठवण्याची तयारी झाली. विमानतळावर पोलिसांची मदत मागून तिने शेवटी पोलंडमध्ये आसरा घेतला. सबालेंकाकडे पैसा आणि नाव दोन्ही आहे, तिने जास्त बोलायला हवं होतं असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. ती काहीच बोलली नाही, असं मात्र लिहू नका.

राहता राहिलं एक, जे तुम्हाला सापडलंच नाही आणि मला मात्र सतत सलतं. तिची चारही एकेरी ग्रँड स्लॅम हार्ड कोर्टवरची आहेत. हार्ड कोर्टवर चेंडू कमरेच्या उंचीला, ठरल्या वेळी येतो आणि तिच्या सपाट फटक्याला तेच हवं असतं. पॅरिसच्या मातीत तो उंच आणि सावकाश उठतो, समोरचीला तो आणखी एकदा परतवायला वेळ मिळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फटक्याला हिचा धीर सुटतो. २०२३ ची उपांत्य फेरी आठवा: तिसऱ्या सेटमध्ये ५-२, हातात मॅच पॉइंट, आणि करोलिना मुचोवाने सामना ओढून नेला. विम्बल्डनला तर २०२१, २०२३ आणि २०२५, तिन्ही वेळा गाडी उपांत्य फेरीतच अडली. माद्रिद तिने तीनदा जिंकलंय हे मला ठाऊक आहे, पण ते शहर साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, चेंडू सुसाट जातो. तिथली माती नावालाच माती. यावर लिहा, मी पहिली सही करीन.