तळणीचं तेल गाळलं म्हणजे डिझेल होत नाही

एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत येतो. त्याचं सार असं: तळून उरलेलं तेल फडक्यातून गाळा, डिझेल गाडीच्या टाकीत ओता, गाडी धावते. रुडॉल्फ डिझेलने इंजिन बनवलंच होतं शेंगदाणा तेलासाठी. प्रदूषण शून्य, सगळ्या जगाचं भागेल, पण तेल कंपन्या हे दडपून ठेवतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून नुसतं 'खोटं आहे' म्हणून पुसून टाकवत नाही.

आधी इतिहास. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं, हे खरं. ते चालवलं ‘ऑटो’ नावाच्या इंजिन कंपनीने, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून. डिझेलने स्वतःच 1912 मध्ये ही हकिगत सांगितली, आणि ते इंजिन मुळात खनिज तेलासाठी बांधलेलं होतं, हेही.

'गाळा आणि ओता' हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. 40 अंशांना खाद्यतेल डिझेलच्या जवळपास दहापट दाट असतं. आजच्या इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात इंधनाचा फवारा मारणाऱ्या भागाची, भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी. दाट तेलाचा तुषार जाड पडतो, नीट जळत नाही, नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. गाडी चालल्याचा व्हिडिओ खरा असेलही. बिघाड व्हिडिओ संपल्यावर येतो.

फॉरवर्डमधून गळालेली गोष्ट म्हणजे मधला कारखाना. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला फॅटी ॲसिडच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोड्याच्या मदतीने, साधारण 60 अंशांना, मिथेनॉल हे अल्कोहोल त्या साखळ्या सोडवून स्वतःला जोडून घेतं. शंभर किलो तेल, दहा-अकरा किलो मिथेनॉल. हाती येतं जवळपास शंभर किलो बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं पातळ झालेलं इंधन, आणि दहाएक किलो ग्लिसरीन. मिश्रण काचेच्या भांड्यात स्थिर ठेवलं की तळाशी मधासारखा दाट, गडद थर बसू लागतो आणि वर सोनेरी पातळ द्रव उरतो. पण वारंवार तापलेल्या तेलात सुटी फॅटी ॲसिड्स झालेली असतात. ती कॉस्टिकला भेटली की साबण होतो. मग थर सुटेनात, भांड्यात नुसता फेसाळ चिखल. म्हणून असं तेल आधी सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉलने सुधारून घ्यावं लागतं. पुढे धुणं, सुकवणं. आणि हो, हा प्रयोग स्वयंपाकघरात नको: मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही.

'शून्य प्रदूषण' हेही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात शुद्ध बायोडिझेलने धुरातले कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्म्यावर आले, पण नायट्रोजन ऑक्साइड सुमारे 10 टक्क्यांनी वाढले. मिथेनॉलही बहुधा नैसर्गिक वायूपासून, म्हणजे खनिज इंधनापासूनच येतं. युरोपीय संघाच्या नियमांत टाकाऊ खाद्यतेलाच्या बायोडिझेलला खनिज इंधनाच्या तुलनेत हरितगृह वायूंतली 84 टक्के बचत धरली जाते. हा आकडा इतका चांगला असताना शंभराचा हट्ट कशाला?

'जगाचं भागेल' याला साधा भागाकार पुरे. जगात सगळ्या प्रकारचं खाद्यतेल वर्षाला वीस कोटी टनांच्या थोडं वर, आणि कच्चं खनिज तेल चारशे कोटी टनांच्या वर. एक थेंबही न खाता सगळं जाळलं तरी पाच टक्क्यांच्या आसपास. तळून उरतं ते त्यातलाही छोटा भाग. शिवाय टाकाऊ तेलाला ताज्याहून जास्त भाव मिळू लागला की ताजंच तेल टाकाऊ म्हणून खपवायचा मोह होतो. युरोपात हा संशय खूपदा व्यक्त झालाय.

राहिलं दडपणं. इटलीच्या एनी या तेल कंपनीने व्हेनिसची रिफायनरी 2014 मध्ये जैवइंधनासाठी बदलली. फिनलंडची नेस्ते टाकाऊ चरबी आणि तेलापासून डिझेल बनवते, जाहिरात करून विकते. दडपायचं असतं तर एवढा खर्च कोण करील?

मोरीत तेल ओतू नका, एवढं मात्र त्या फॉरवर्डमध्ये घालायला हवं होतं. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी, तेल आणि ओल्या वाइप्सचा सुमारे 250 मीटर लांब, 130 टनांचा दगडासारखा गोळा सापडला. फोडून काढायला कित्येक आठवडे लागले. त्यातल्या काही भागाचं पुढे बायोडिझेल झालं, पण तेही आधी कारखान्यात जाऊन.