अ‍ॅक्सिलरेटर केबल तीन आठवड्यांत जाम: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्या आहेत. नमुना पाठवून करून घेतलेली अ‍ॅक्सिलरेटर केबल तीन आठवड्यांत जड झाली आणि एकदा पेडल वर आलंच नाही. केबल बसवल्या दिवसापासून आयडलिंग (पेडलवर पाय नसताना इंजिनचा वेग) मिनिटाला 1800 फेऱ्यांच्या खाली उतरलं नाही. आणि यापेक्षा सायकलच्या ब्रेकची केबल बरी होती. तुम्ही परत पाठवलेली केबल आम्ही उघडून पाहिली. दुसऱ्या मुद्द्यावर चूक पूर्णपणे आमची आहे. पहिल्याचं कारण मात्र तुमच्या गाडीत अजून तसंच आहे. ते निघालं नाही, तर पुढची केबलही जळेल, मग ती कुणीही केलेली असो.

त्याआधी एक विनंती. हे काम होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. चालत्या गाडीत पेडल अडकलंच, तर क्लच दाबा आणि इग्निशन बंद करा, पण गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नका. स्टिअरिंगला लॉक असेल तर ते बसेल.

आता आमची चूक. केबलमध्ये महत्त्वाची असते ती इनरची, म्हणजे आतल्या तारेची, उघडी लांबी: आउटर, म्हणजे बाहेरची नळी, एका टोकाला पूर्ण बसवल्यावर दुसऱ्या टोकाच्या फेरूलपासून (आउटरच्या टोकावरची टोपी) निपलपर्यंत (तारेच्या टोकावरचा धातूचा गोळा) जेवढी तार बाहेर राहते ती. आउटर जितका वाढतो, तितकी उघडी तार कमी होते आणि पाय पेडलवर नसतानाही थ्रॉटल (कार्बोरेटरची झडप) तेवढं उघडं राहतं. तुमच्या जुन्या केबलचं कार्बोरेटरकडचं फेरूल सरळ होतं आणि ब्रॅकेटच्या भोकात पूर्ण आत जायचं. आम्ही लावलेलं फेरूल पायरीचं होतं, ते 9 मिमी बाहेर राहिलं. आउटर आणि इनर दोन्ही नमुन्याएवढे कापले होते, म्हणून आमच्या तपासणीत केबल बरोबर ठरली. ब्रॅकेटमध्ये बसल्यावर मात्र आउटर 9 मिमी लांब झाल्यासारखा झाला. अ‍ॅडजस्टर 6 मिमीच फिरतो. त्यामुळे तुम्ही कितीही फिरवला असता तरी आयडलिंग खाली आलं नसतं. आता प्रत्येक केबल दोन्ही फेरूल बसवून, उघडी लांबी मोजूनच बाहेर जाईल. तुमचे पूर्ण पैसे परत केले आहेत आणि नवी केबल वेगळी पाठवत आहोत.

पेडल का अडकलं, याचं उत्तर केबलच्या पोटात सापडलं. आउटर लांबीत चिरला, तर आतलं टेफ्लॉनचं अस्तर पेडलच्या टोकापासून कार्बोरेटरपर्यंत सगळीकडे सुरकुतलेलं आणि जागोजागी तारेला चिकटलेलं होतं. टेफ्लॉन 260 अंश सेल्सिअसपर्यंत सहज काम करतं आणि साधारण 327 अंशांना वितळतं. केबल एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकली असती तर एकाच जागी जळाली असती, आणि बाहेरचं प्लास्टिक आधी गेलं असतं. इथे बाहेरचं प्लास्टिक बऱ्याच अंशी शाबूत आहे, अस्तर आतून गेलं आहे, आणि तेही केबिनमधल्या, इंजिनच्या उष्णतेपासून लांब असलेल्या भागातसुद्धा. इनर निळसर पडली आहे. दोन्ही निपलांवर ठिणगीने पडतात तसे बारीक खड्डे आहेत. याचा अर्थ, त्या तारेतून सेल्फचा (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचा) करंट गेला आहे.

तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहिलं आहे की क्लच प्लेट बदलल्यानंतर सेल्फ ओढत फिरतो आणि जुनी केबलही तेव्हापासूनच जड झाली. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत क्लचसाठी इंजिन बाहेर काढावं लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसलेले असतात, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे. त्यांना जोडते ती एक विणलेली अर्थची पट्टी. इंजिन परत बसवताना ती राहून जाते, किंवा रंगावर नाहीतर गंजावर कसली जाते. सेल्फला शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो आणि त्याला बॅटरीकडे परतण्यासाठी वाट हवी असते. पट्टी नसेल तर तो चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल अशी मिळेल ती धातूची वाट धरतो. दीड मिलिमीटरची तार अशा वेळी हीटरच्या कॉइलसारखी तापते. चोकचं बटण सेल्फ मारताना गरम लागतं का, तेही पाहा. लागत असेल तर चोकची केबलही याच वाटेने चालली आहे.

खात्री करायला मल्टिमीटर पुरतो. अ‍ॅक्सिलरेटर आणि चोकच्या केबल कार्बोरेटरवरून सोडवा, म्हणजे त्यांच्यातून करंट जाणार नाही. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलला इग्निशनच्या किल्लीकडून येणारी वायर काढा आणि तिचं टोक टेपने झाका. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर धरा. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. तीन-चार सेकंद सेल्फ मारा. 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर नाही. मग तीच मोजणी ब्लॉक ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरीचा खांब अशी तोडून करा, दोष कुठल्या तुकड्यात आहे ते लगेच कळतं. केबल सोडवल्यावर सेल्फ फिरेनासाच झाला, तर मीटरचीही गरज उरत नाही. एक सावधगिरी: 1967 पर्यंतच्या एमजीबीत आणि त्या काळातल्या इतर अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. अर्थचा खांब म्हणजे मायनसच असं धरून चालू नका.

पट्टी लावताना दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घाला, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. जाडी किमान 25 चौरस मिलिमीटर घ्या आणि इंजिन हलतं तेवढी सैल ठेवा. ताणून बसवलेली पट्टी काही महिन्यांत तुटते.

सायकलच्या केबलबद्दल. सायकलच्या ब्रेकची तार 1.5 ते 1.6 मिमीची असते, म्हणजे जाडीला चालणारी, आणि ताकदीलाही कमी नाही. अडचण दोन्ही टोकांची आहे. तिचं निपल पेडलच्या खाचेत नीट बसत नाही, आणि दुसऱ्या टोकाला स्क्रूने आवळायचं निपल लावावं लागतं. तो स्क्रू तारेचे पेड दाबून कापत जातो. घरी पोहोचण्यापुरतं ते ठीक आहे, कायमचं नाही. शिवाय निपल आपल्या जागेत मोकळं फिरलं पाहिजे. ते अडकलं की प्रत्येक वेळी तार निपलच्या तोंडाशी मुडपते आणि पेड तिथेच एकेक करून सुटतात. केबल तुटतात त्या बहुतेक इथेच. पेडलच्या खाचेत ग्रीसचा एक ठिपका पुरतो.

ग्रीसची जागा तेवढीच. परत आलेल्या केबलच्या आउटरमध्ये घट्ट ग्रीस भरलेलं मिळालं. ती आमच्या सूचनापत्रातली उणीव समजा, कारण त्यात हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. अस्तर असलेल्या केबलला आतून काहीही घालायचं नसतं. ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि थंडीत घट्ट होतं. अस्तर नसलेल्या जुन्या धाटणीच्या केबलला मात्र पातळ इंजिन ऑइल हवंच: केबल उभी टांगून वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा बसवा, त्यात थोडं तेल ओता आणि खालून थेंब पडेपर्यंत रात्रभर ठेवा.

नवी केबल बसवताना वळणांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. घर्षण वळणाच्या एकूण अंशांबरोबर घातांकी वाढतं. घर्षण गुणांक 0.15 धरला, तर सगळी वळणं मिळून 180 अंश झाली की ओढ 1.6 पट लागते, आणि 270 अंशांना दुप्पट. गुणांक 0.05 असेल तर त्याच 270 अंशांना 1.27 पटच. पेडलवर पाय जोर लावून हे झाकून टाकतो, पण परत येताना काम असतं ते छोट्या स्प्रिंगांचं. म्हणून केबल खराब होऊ लागली की ती ओढायला जड वाटण्याआधी परत यायला आळस करते. जास्तीची लांबी गुंडाळून लपवू नका, वळणाची त्रिज्या 75 मिमीच्या खाली नेऊ नका. थ्रॉटल परत ओढणाऱ्या दोन्ही स्प्रिंगा जागेवर असू द्या. एमजीबीसारख्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, तेव्हा उष्णतारोधक पत्रा काढलेला असेल तर परत लावा आणि केबल मॅनिफोल्डपासून निदान 50 मिमी लांब ठेवा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातलं रबरी ग्रोमेट फाटलं असेल तर बदला, नाहीतर पत्र्याची धार आउटर कापते.

जुळणी इंजिन बंद ठेवून करा. आधी कार्बोरेटरचा आयडल स्क्रू लेव्हरला टेकलेला आहे ना ते पाहा, मग अ‍ॅडजस्टर असा लावा की केबलमध्ये 1 ते 2 मिमी मोकळी चाल राहील. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल पूर्ण उघडतं का ते बॉनेटखाली स्वतः पाहा. थ्रॉटल आपल्या टोकाला पोहोचलं आणि पेडल अजून खाली जातंय, असं होता कामा नये. तसं असेल तर पायाचा सगळा जोर निपलवर येतो. पेडलचा स्टॉप तेवढा वर घ्या. शेवटी इंजिन सुरू करून ते माउंटवर इकडेतिकडे हलत असताना आयडलिंग बदलत नाही ना, ते पाहा. बदललं तर मोकळी चाल कमी आहे, नाहीतर केबल ताणून बसली आहे.

पार्सलमध्ये सरळ फेरूलची नवी केबल, एक ग्रोमेट आणि 25 चौरस मिलिमीटरची अर्थची पट्टी आहे. पट्टी आधी लावा, व्होल्टचा आकडा घ्या, आणि तो 0.3 च्या आत आला की मगच केबल जोडा. आकडा जास्त आला तर ब्लॉक ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी हे दोन्ही वेगळे आकडे आम्हाला लिहून पाठवा, पुढे कुठे हात घालायचा ते सांगतो. चोकची केबलही काढून तिचं एक टोक पाहा. अस्तर सुरकुतलेलं दिसलं तर तिचाही नमुना पाठवा. या वेळी आउटरबरोबर दोन्ही फेरूल आणि ती ज्यात बसतात त्या ब्रॅकेटच्या भोकाची खोली मोजून द्या.