'जादू' अरबी नाही, आणि संस्कृतातूनही थेट आलेला नाही

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की 'जादू' हा अरबी शब्द आहे, मराठीत वापरू नका. त्याखाली लगेच दुसरी बाजू, की नाही नाही, हा संस्कृत 'यातु'चाच अपभ्रंश. प्लीज दोन्ही पुढे पाठवू नका.

अरबीत जादूला 'सिहर' म्हणतात. जादू आपल्याकडे फारसीतून आला, 'जादूगार'मधला गार पण फारसीच. आता यातुचं बघा, ऋग्वेदात यातु म्हणजे करणी, चेटूक आणि ते करणारा तो यातुधान, सातव्या मंडलात त्याच्याविरुद्ध अख्खं सूक्त आहे. पारशांच्या जुन्या इराणी धर्मग्रंथात, म्हणजे अवेस्तातही 'यातु' आहे आणि त्याच इराणी यातुचा पुढे फारसीत जादू झाला, कारण तिकडे सुरुवातीच्या य चा ज होतो (युवन् चं जवान झालं तसंच). म्हणजे संस्कृत यातु हा जादूचा बाप नाही, चुलत आजोबा म्हणा हवं तर.

मला सगळ्यात भारी वाटतं ते अर्थाचं, मुळात निव्वळ भीतीचा शब्द, आणि आज आपण 'काय जादू आहे आवाजात' असं खूश होऊन म्हणतो. जुना अर्थ गेलाय असं पण नाही, महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्यात 'जादूटोणा' आहेच.